इथपर्यंत

रावपुऱ्यात हसमुखभाईंच्या दुकानात
पोस्टरांच्या मागे उभा असतो तो रोल,
चिकट, पारदर्शक,
दिसत नाही, नुसता चमकतो.
"केटलुं, बेन?" ते विचारतात,
आणि चारुमामी दर वेळी दोनच मीटर घेते.
जास्त घेतलं की हात सैल सुटतो म्हणते.

मग रविवारी दुपारी फरशीवर मांडामांड:
साबणाच्या पाण्याची वाटी, सुई,
मामांचा जुना बसपास.
मागचा कागद इंचाइंचाने सोलत
पासच्या कडेने ती हवा पुढे हाकलते.
घाई केली की फुगा राहतो.
फुगा राहिला की सुई.
एवढंच शास्त्र.

गॅसमागच्या भिंतीला लावलं, फोडणी उडते म्हणून.
हिंग, ओवा, मेथी, डब्यांवरच्या नावांना.
रिमोटच्या पोटाला. खिडकीच्या तड्याला.
रेवाच्या नकाशांच्या पुस्तकाला, ज्यातून
राजस्थान सुटून हातात यायचं.
फ्रिजच्या बिलालाही लावलं, आणि ते
महिन्याभरात काळंठिक्कर पडलं.
तारीख गेली, गॅरंटी गेली.
तेव्हापासून कुणी पाहुणा आला की मामा सांगायचे,
"फार वेळ एका जागी बसू नका,
तुम्हालाही लावेल."

विश्वामित्री रात्री दोनला घरात आली.
आधी मोरीच्या जाळीतून, गुळण्या करत,
मग उंबऱ्यावरून, रीतसर.
तीन दिवस वर पंचालांकडे,
नऊ माणसं आणि एक शेगडी.
खाली पार्किंगमध्ये मगर आहे असं
रोज कुणीतरी सांगायचं.
रोज तिची लांबी वाढायची.

पाणी उतरल्यावर मीही गेलो होतो फावडं घेऊन.
फ्रिज पाठीवर पडलेला.
गाद्या चौघांनाही उचलेनात.
लग्नाच्या अल्बमची एकच वीट झालेली.
त्याला नव्हतं लावलं तिनं,
फोटोंना हवा लागते, असं कुणीसं सांगितलेलं.
हिंगाची डबी सापडली न्हाणीघरात, बादलीमागे.
मामीने गाऊनच्या बाहीने पुसली.
हिंग. तिचंच अक्षर, वेलांटीसकट.
झाकण उघडलं तर आत नदी.

सर्व्हेवाला आला नवव्या दिवशी.
भिंतीकडे न बघता त्याने लिहिलं, गुडघाभर.
"कुणाच्या गुडघ्याएवढं?" मामीने विचारलं.
त्याने सही मागितली.

दिवाळीआधी रंगारी आला तेव्हा
दाराशेजारची दोन वीत भिंत तिनं सोडायला लावली,
जिथे गाळाची रेघ होती,
बरोबर तिच्या खांद्याला,
तपकिरी, वर थोडा सुकलेला फेस.
पातळ फेविकॉल फिरवला ब्रशने, तीनदा,
दोन दिवस वाळू दिला,
मग बसपास काढला.
"चिखलाला कव्हर?" मामा म्हणाले.
"उद्या म्हणतील एवढं आलंच नव्हतं."
त्यानंतर पाहुण्यांना तो विनोद
मामांनी सांगितला नाही.

रेवा वाढदिवसाला त्या भिंतीशी उभी राहते.
पुराच्या वर्षी रेघ तिच्या डोक्यावर होती,
मग कपाळाशी, मग नाकाशी,
यंदा हनुवटीखाली.
"आता मी नाही बुडणार," ती म्हणते.
मामी यावर काही बोलत नाही.

दर पावसाळ्यात खालचा कोपरा सुटतो.
मामी चमच्याच्या पाठीने घासून तो बसवते,
तोच चमचा विसळून चहात घालते
आणि मला विचारते, साखर किती.