दोन बरण्या

लेडबरीच्या उतारावर विनिफ्रेडने
लोणच्याच्या दोन बरण्या कठड्यावर ठेवल्या,
पाण्याने काठोकाठ.

पहिलीत ढेकूळ भावाच्या पट्टीतलं,
दरसाल नांगरलेलं.
टाकलं तसं विरलं. पाणी गेरू.

दुसरं तिच्या सफरचंदांखालचं.
चार वर्षं तिथे क्लोव्हर माजू दिलं,
पाला उचलला नाही,
गबाळी बाग म्हणून बोलणी खाल्ली.
ते बसून राहिलं, केसाएवढ्या मुळांनी
स्वतःला आवळून.
एक बुडबुडा आला वर, बस्स.

पाऊस भुरभुरत होता.
रस्त्याकडेचं गटार तांबडं वाहत होतं,
त्याबद्दल ती काही बोलली नाही.

निघताना पहिली बरणी
तिने बांधापलीकडे नेऊन ओतली,
तळाचा गाळ बोटाने निपटून.
"त्याची माती आहे," म्हणाली.