अकरा महिन्यांचं वर्ष

आमच्या घरी वर्ष अकरा महिन्यांचं असतं.
करार संपतो, मालक येऊन भिंती बघतो,
खिळ्याची भोकं मोजतो, भाडं वाढवतो.
बापू म्हणतात, "बघतो दादा,"
म्हणजे टेम्पो.

धायरी, नऱ्हे, आंबेगाव पठार,
पुन्हा धायरी, पाण्याच्या टाकीमागे.
रंधा, करवत, पटाशी आधी उतरायची,
मग आई, मग मी,
मांडीवर कुलदेवीचा फोटो घेऊन.

आता कॉलेजच्या फीच्या तक्त्यात दोन रकाने आहेत.
एक राज्यातल्यांचा, एक बाहेरच्यांचा.
दुसऱ्या रकान्यातला आकडा ऐकून
बापूंनी कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली.

सेतूच्या खिडकीत गायधनी मॅडम.
"जन्म कुठला?"
जालोर जिल्हा. आजोळी.
"मग सलग पंधरा वर्षांचा पुरावा लागेल, महाराष्ट्रातला."
करार मोजले, बोटाला थुंकी लावून, दोनदा.
दोन हजार दहाचा नाही. टेम्पोत राहिला असेल,
किंवा त्यात आईने फरसाण बांधून दिलं असेल कुणाला.
"चौदाच भरतात गं."

चौदा वर्षांत वनवास संपतो, मॅडम,
अधिवासाला एक जास्त लागतं?
(हे मी बोलले नाही. माझ्यामागे चाळीस माणसं होती.)

शाळेत बाई म्हणायच्या,
तिकडची असून ळ किती स्वच्छ काढते ही!
बाई, ळ आमच्या बोलीत होताच.
रंध्याबरोबर तोही आणला होता गाडीतून,
त्याचं तिकीट लागलं नाही.

दोन हजार दहा शोधायला आम्ही बिबवेवाडीला गेलो.
बापू प्रत्येक कपाटाच्या पाठीवर, आतून,
पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहितात.
कुणी वाचावं म्हणून नाही. सवय.
खळदकर काकूंनी साड्या काढल्या, डांबरगोळ्या काढल्या,
बापू गुडघ्यांवर, तोंडात मोबाईलची बॅटरी.
होतं तिथे.
मोडाराम सुथार, धायरी, ९ ऑगस्ट २०१०.
काकू म्हणाल्या, "अगंबाई, पंधरा वर्षं हे माझ्या घरात होतं?"
आणि चहा टाकला.

फोटो बघून गायधनी मॅडम म्हणाल्या,
कपाट यादीत नाही.
मग बऱ्याच वेळाने, स्टेपलर शोधता शोधता,
"अंगणवाडीत जात होतीस का?"

टाकीमागच्या अंगणवाडीत शेवंताताई अजून आहेत.
केस पिकलेत, रजिस्टरं तीच, खाकी पुठ्ठ्याची.
वाळवीने कडा खाल्लेल्या पानावर
सुथार कंकू मोडाराम, वय तीन.
जानेवारी, अकरा किलो चारशे.
फेब्रुवारी, अकरा सहाशे.
मार्चमध्ये गोवर, दोनशे ग्रॅम कमी.
मला कुणी दर महिन्याला तराजूत बसवत होतं,
आणि मला ते आठवतही नाही.
त्या वहीत माझं वर्ष
बारा महिन्यांचं होतं.

फक्त मे महिन्याच्या चौकोनात वजन नाही.
लिहिलंय, "गावी."
मॅडमचं बोट तिथे थांबलं.
"गावी म्हणजे?"
बापू गडबडले. खोटं बोलता येईना.
मीच म्हणाले, मेमध्ये सगळेच जातात ना.
त्यांनी टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं,
पलीकडच्या शिपायाकडे पाहिलं. तो म्हणाला, "आमचं पाटण."
"माझं वाईजवळ," त्या म्हणाल्या, आणि शिक्का उचलला.

शिक्का फक्त पोचपावतीवर.
दाखला एकवीस दिवसांनी, साहेबांच्या सहीने, मिळाला तर.
फॉर्मची मुदत अठरा.
खिडकी बंद झाली, जेवणाची सुट्टी.

बाहेर रसाच्या गाडीपाशी बापूंनी पावती उलटी केली,
कानामागची पेन्सिल काढली,
स्कूटरच्या सीटवर ठेवून, सावकाश,
नाव, धायरी, आजची तारीख.