तीन मीटर

कुताईसीच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
फरशीला पिवळी चिकटपट्टी लावली आहे.
खुर्चीपासून पट्टीपर्यंत तीन मीटर.
उठायचं, चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं.
एतेरी हातात घड्याळ धरून उभी.

नुगझार उठतो.
म्हणजे, उठण्याचा विचार आधी उठतो,
मग हात, मग बराच वेळ काहीच नाही,
मग गुडघे.

गाठ अक्रोडाएवढी होती, सर्जन म्हणाले होते.
त्या दिवसापासून मी घरात अक्रोड फोडलेला नाही.
आमच्याकडे अक्रोडाशिवाय सण होत नाही;
नव्या वर्षाला शेजारणीनं आणून दिलेली
अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी
मी नजर चुकवून वाढली.
तो मिटक्या मारत जेवला.
स्टेरॉइडची भूक, तिला कसलं सोयरसुतक.

डोक्यावर एकतीस टाके.
त्यांच्या कडेनं केस उगवताहेत, पांढरे,
पूर्वी तिथे काळे होते.
मीठ हवं असलं की म्हणतो, "ते, समुद्राचं."
मला दोनदा मानाना म्हणाला.
मानाना त्याची बहीण, जाऊन नऊ वर्षं झाली.
मी ओ दिली.

चाळीस वर्षं बाजारातल्या खोकाभर दुकानात
त्यानं लोकांची घड्याळं उघडली.
डोळ्याला भिंग, श्वास रोखलेला,
केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात.
आता चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर
अर्धं सूप माझ्या मांडीवर.
मी काही बोलत नाही. एकदा बोलले.
रात्रभर तो भिंतीकडे तोंड करून होता.
तेव्हापासून मांडीवर टॉवेल घेऊनच बसते.

मंगळवारी एकवीस सेकंद.
शुक्रवारी चोवीस.
"ताप होता, धरू नका," एतेरी म्हणाली, पण वहीत लिहिलंच.
आज पट्टीपाशी वळताना
त्यानं भिंतीला हात लावला नाही.
बसला. सदरा पाठीला चिकटलेला.
"एकोणीस!"

तो मान हलवतो. नाही.
पुन्हा, नाही.
ओठ चाचपडतात, भलत्याच खणात हात गेल्यासारखे.
"मागे," तो म्हणतो.
मागे काय? पाठ दुखते? उशी देऊ?
तो एतेरीच्या मुठीकडे बोट करतो.
तिच्या वडिलांचं जुनं, चावीचं स्टॉपवॉच;
ते शाळेतल्या मुलांना पळायला शिकवायचे.
"मागे पडतंय. तेल. सुकलंय."

एतेरीला हसू आवरत नाही. मी हिशेब करते:
घड्याळ मागे, म्हणजे एकोणीस नव्हेत, वीस असतील.
फुकटचा एक सेकंदही घेणार नाही हा माणूस.

घड्याळ आता आमच्या स्वयंपाकघरात.
त्याला स्क्रू धरवत नाही. तो सांगतो, मी उघडते.
"डावीकडे," म्हणतो, आणि बोट उजवीकडे.
मी बोटाचं ऐकते.
एक स्क्रू मेजाखाली घरंगळला आहे.
आम्ही वाकून शोधतोय,
तो मेजाला धरून,
मी त्याला.