वर्तमानकाळात सांगा

पहिल्यांदा छातीत धरलं तेव्हा पहाटेचे साडेपाच.
बायको म्हणाली, रात्रीचं सुंगटांचं हुमण बाधलं.
फोंड्याच्या डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या दिल्या.
म्हापशाच्या डॉक्टरनं कागदाची लांब पट्टी काढली, म्हणाला,
शाणू, हे काळीज अजून वीस वर्षं फेरीबोट ओढेल.
सासूनं मीठ-मिरच्यांनी दिष्ट काढली;
ठसका आला नाही, म्हणजे दिष्ट मोठी.
देवचाराला विडी, सूर आणि रोट ठेवून झाला.

कुणी विचारलंच नाही
की साडेपाचला आमच्या वाड्यावर येतं कोण.

येतो पोदेर.
सायकल, निळ्या प्लास्टिकनं झाकलेली पाटी,
रबरी भोंपू. पों पों.
अख्खं दिवाडी बेट त्या आवाजाला उशी सोडतं,
पिशवी घेऊन दारात येतं.
मी न्हाणीघराची कडी आतून लावतो
आणि बादलीत दोन्ही हात बुडवून उभा राहतो.

बांबोळीला, तिसऱ्या खेपेला,
रायतूरकर डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
मी म्हणालो, पावाचा वास.
त्या हसल्या नाहीत.

कागदावर एक लांबलचक नाव लिहिलं,
आघातानंतरचा अमुक तमुक.
बार्जच्या कुशीवरसुद्धा मावलं नसतं.
घडी घालून खाकी खिशात ठेवलं,
घरी बायकोपुढे उलगडलं:
हे बघ, गॅस नव्हे.

मग बाई म्हणाल्या, डोळे मिटा. वर्तमानकाळात सांगा.
मी सुरू केलं, तो इनास होता—
होता नाही. आहे.

इनास येतो आहे.
धक्क्याच्या उतारावर भोंपू वाजतो आहे.
रोज मी थांबतो. आज ओहोटी आहे,
बोट रुतेल म्हणून तांडेल ओरडतो आहे,
मी साखळी ओढतो आहे.
त्याचं पुढचं चाक फळीवर आहे.
मागचं नाही.

उंडे पाण्यावर तरंगताहेत,
शंभर, दीडशे, अजून गरम.
मांडवीतून वाफ येते आहे.
शेवटे वर येऊन टोचे मारताहेत.
मी आकडी टाकतो आहे,
आकडीला पुन्हा पुन्हा पाटीच लागते आहे.

हे सगळं फोनवर रेकॉर्ड झालं.
रोज एकदा ऐकायचं आणि वहीत भीतीला गुण द्यायचे.
पहिल्या दिवशी शंभरपैकी शंभर;
शाळेत मला कधी कुणी दिले नव्हते.
एकविसाव्या दिवशी पंच्याहत्तर.
नाताळच्या आठवड्यात पुन्हा नव्वद.
बाई म्हणाल्या, भरती-ओहोटी तुम्हाला मी शिकवू?

एका मंगळवारी त्यांनी टेबलावर भोंपू ठेवला.
तासभर मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्याकडे.
शेवटी मीच दाबला.
बाहेर बाकावरचे दोन पेशंट
सुटे पैसे चाचपू लागले.

एक गोष्ट मी रेकॉर्डिंगमध्ये घातली नव्हती.
ती चौथ्या महिन्यात बाहेर आली:
अर्धं मिनिट. थांबलो असतो तर.
बाईंनी ती खोडली नाही. तुमची चूक नाही, असंही म्हणाल्या नाहीत.
विचारलं, भोंपू ऐकून थांबलात असे दिवस किती?
अकरा वर्षं, रविवार वजा. बोटांवर मावेना.
त्यानं ते अर्धं मिनिट बुडालं नाही,
पण त्याच्या शेजारी
काहीतरी येऊन उभं राहिलं.

आज साडेपाच.
न्हाणीघराची कडी उघडी.
सायकलवर इनासचा थोरला, जुझे.
बापाचेच खांदे, भोंपू मात्र नवा.
कितले उंडे, शाणूबाब?
चार, म्हणतो मी.
पिशवीचं तोंड त्यालाच धरावं लागतं.
तो माझ्या हातांकडे बघतो, मग चाकाकडे,
आणि सुटे परत देतो, दोन रुपये जास्तीचे.

ओसरीवर बसून एक उंडा मोडला.
वाफ आली.
खाल्ला नाही अजून.
वहीत आधी पन्नास लिहिलं,
खोडून अठ्ठेचाळीस केलं.