मनोऱ्यापाशी सात मिनिटं

सकाळी साडेनऊला मी एकोणीस डोकी मोजते,
पुन्हा एकदा मोजते, कारण मिस्टर पेटिग्र्यू
हमखास इंजिनाच्या पुढ्यात सापडतात,
वहीत नंबर उतरवून घेत, टोपीवर काजळी झेलत.
"एकोणीसशे बत्तीसचं," ते मलाच सांगतात,
जसं काही मी इथली नाहीच,
जसं काही माझी दुपटी या धुरात वाळली नव्हती.

गाडी निघते. बाड डोबेरानमध्ये
रूळ सरळ बाजारपेठेतूनच गेलेत.
घंटा घणघणवत, अंग चोरून
इंजिन दुकानांच्या पाट्यांमधून सरकतं.
बेकरीवाली एका हाताने खिडकी लावून घेते,
दुसऱ्याने सुट्टे मोजते.
मान वर करत नाही.

मी माईक घेते.
विटांचं चर्च, पांढऱ्या झग्यातले मठवासी,
हान्सा व्यापाऱ्यांचं मीठ, हेरिंग, मेण,
स्वीडनचे सैनिक आले, राहिले, गेले.
शतकामागे दीड मिनिट, एवढंच बसतं.
मग दोन्ही बाजूंनी लिंडेनची झाडं सुरू होतात
आणि मी गप्प बसते.
झाडांचं काय सांगायचं.
उत्रेख्तच्या तेर्प्स्त्रा बाईंच्या बाहीला
ठिणगीने भोक पडलंय,
त्या खूश आहेत, घरी दाखवायला काहीतरी झालं.

क्यूलुंग्सबोर्न. वेळापत्रकात लिहिलंय:
टेहळणीचा मनोरा, सात मिनिटं.
मग मासे-पाव.

मी आकडे सांगते. उंची. सालं.
किती जण पोहत निघाले, रबरी बोटीत, कशाकशात,
किती डेन्मार्कला लागले, किती
नुसतेच किनाऱ्याला.
दिव्याचा झोत कुठवर पोचायचा
ते हात लांब करून दाखवते.
"आणि वर कोण असायचं?"
दरवर्षी कोणीतरी विचारतंच.
"मुलंच होती. अठरा-एकोणीसची,
लांबच्या गावांची. सक्तीची भरती."
त्यात एक अक्षर खोटं नाही.

बाबा झ्विकाऊहून आले होते.
समुद्र त्यांनी आधी कधी पाहिला नव्हता,
पहिल्यांदा नीट पाहिला तो त्या झोतात,
तुकड्या-तुकड्यांनी.
नंतर इथलीच मुलगी केली,
इथल्याच गाडीवर फायरमन झाले,
एकतीस वर्षं आगीला कोळसा भरवला.
घरी मात्र दिवा लावू देत नसत.
आम्ही अंधारात जेवायचो. आई
चमच्याच्या आवाजावरून ओळखायची
कोणाची वाटी रिकामी झाली.
मला वाटायचं, वीज वाचवतात.

एकदाच, मी सोळाची असताना,
कोणी न विचारता म्हणाले,
"एका रात्री पाण्यात काहीतरी हललं.
मी झोत दुसरीकडे वळवला."
थांबले.
"सील असेल."
मग ताटातलं संपवलं.

त्याच्या आधीच्या रात्री,
त्याच्या नंतरच्या रात्री,
मी विचारलं नाही.
मलाही तेवढीच सात मिनिटं मिळाली होती.

शिट्टी होते. मी मोजते: अठरा.
मिस्टर पेटिग्र्यू अजून मनोऱ्याच्या पायाशी,
पाण्याकडे पाठ करून, लांबून येणारा धूर बघत.
"तुमच्या घरचं कोणी होतं का हो गाडीवर?
तुम्ही चालताना रुळाकडे न बघता रूळ ओलांडता."
"बाबा," मी म्हणते. "फायरमन होते."
त्यांचा चेहरा असा उजळतो
की मला जराशी लाजच वाटते.
वही उघडतात, इंजिनांच्या रांगेत
एक ओळ मोकळी करतात, नाव विचारतात.
हार्टमुट. मी अक्षरं सुटी करून सांगते.
"आणि वर्षं?"

शहात्तर ते दोन हजार सात.
गाडीवरची तेवढी सांगते.
ते कागदावरची वाळू फुंकून टाकतात,
आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडते
की मासे-पाव उजव्या हाताला,
कांदा नको असेल तर आधीच सांगा.