मागच्या दाराची वीट

हलच्या संग्रहालयाचं तळघर. वर समुद्राकडून
तिरपा पाऊस, चार दिवस झाले.
खाली ओल शोषणाऱ्या यंत्राची घरघर; काटा त्रेचाळीसवर.
पन्नासच्या पुढे गेला की ही मऊ पडायला लागते,
म्हणून मी आधी काटा बघते, मग हिच्याकडे.

कच्ची वीट. भट्टी न पाहिलेली.
पावणेसहा किलो, एक कोपरा झिजलेला,
पोटात जवाचं तूस, आणि पाठीवर
वाळायच्या आत उमटलेला कुत्र्याचा एक पाय.
विटा पाडणारा हाड् म्हणाला असेल, कुठल्याशा भाषेत.

देणगीदार: ग्वेंडा थॅकरे, वय एक्याऐंशी.
"आजोबांनी आणली. मर्वहून, एकोणीस साली.
पलटणीत होते ना. पंजाबी शिपाई होते सोबत,
आलं घालून चहा त्यांनीच शिकवला."
मग जरा ओशाळून:
"मागच्या दाराला लावायचो हो आम्ही.
वाऱ्यानं आपटू नये म्हणून. सत्तर वर्षं."

मर्वचा नकाशा माझ्या टेबलावर.
एक शहर नव्हे, शेजारी शेजारी पडलेली चार,
थोरल्याच्या पायाशी धाकट्यांनी अंथरुणं टाकावीत तशी.
नदी कूस बदलायची, माणसं उठायची,
भिंती तिथेच सोडून नव्या भिंती घालायची.
आमच्या पैठणकडे अशा टेकाडाला पांढर म्हणतात.
काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं;
आणि पांढर ओस पडली की तिचीच माती
गाड्या भरभरून काळीत.
राजाची काय, न्हाव्याची काय, सारखीच सकस.

एक वाडगंभर रान, त्यात एकटी उभी गढी:
बाहेरून भिंतभर मातीच्या उभ्या नळ्या,
मोळीतल्या उसासारख्या खेटून.
आणि सुलतानाच्या कबरीवरचा निळा घुमट,
दिवसभराच्या वाटेवरून उंटवाल्यांना दिसायचा म्हणे.
निळं गेलं.

तट फुटला नव्हता.
बाराशे एकवीस, मंगोल वेशीबाहेर,
जीव राखू असा शब्द आला,
आणि दार आतून उघडलं.
प्रेतं मोजायला तेरा दिवस लागले, असं लिहून ठेवलंय.
आपल्याकडे तेराव्याला गोड करतात.

फॉर्मवर रकाना आहे: पूर्वीचा वापर.
लिहिलं, दार उघडं ठेवण्यासाठी.
पेन तिथेच थांबलं थोडा वेळ.
खोडलं नाही.

डब्यात खाली सांडलेलं चिमूटभर
वेगळ्या पिशवीत भरलं, तोललं, चिठ्ठी लावली.
नखात राहिलं त्याची नोंद नाही.
बसथांब्यावर छत नव्हतं.
हात खिशातच ठेवले.