चढ

स्टेशनापासून वर विद्यापीठापर्यंतचा
ॲबरिस्टविथचा तो चढ
टेग्वेनला पावलांत नाही, पौंडांत पाठ होता:
चार पौंड ऐंशी. एका बाजूचे.

कुबड्या मागच्या सीटवर आडव्या,
मांडीवर डबा, बहुतेक रिकामाच.
सकाळचं लेक्चर की दुपारचं जेवण,
दोन वर्षं हे गणित ती
कुणाला न दाखवता सोडवत आली.

तिसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात
समुद्राकडून आडवा वारा सुटलेला,
तेव्हा ग्विलिम ड्रायव्हर आरशातून म्हणाला,
"मंगळवारची ती पोरगी, व्हीलचेअरवाली,
तिचं भाडं मला सरकारी खात्यातून येतं.
तुझं का नाही गं?"

तिला वाटत आलं होतं, ते पैसे
खरोखरच्या अपंगांसाठी असतात.

त्यानं गाडी कडेला घेतली. मीटर बंद केला.
तिनं फोनवर अर्ज उघडला.
नाव. जन्मतारीख. विषय: सागरी जीवशास्त्र.
मग एक मोकळा चौकोन:
तुमची अडचण तुमच्या शब्दांत लिहा.

"बरी आहे मी" हे बोटांच्या इतकं सवयीचं
की आधी तेच उमटलं.
खोडलं.

काचेवर वाफ. ग्विलिम मुकाट खिडकीबाहेर बघत.

मग लिहिलं:
सोमवारी मी जेवत नाही.